मालवणच्या दर्यावर सहल : आधी पाऊणकी, मग होडी

मंडळी, आपले मलकापूर हे डोंगराच्या कुशीतले गाव. कडवी आणि शाळी या नद्यांच्या काठचे. या पाण्याची वाट मोठी गमतीची आहे. कडवी वारणेला मिळते, वारणा कृष्णेला, आणि कृष्णा सारा मुलूख ओलांडून पूर्वेकडच्या बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेचा समुद्र तर आंबा घाट उतरला की शंभर किलोमीटरच्या आत. पण आपले पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून निघते. आपल्या मुलांचेही तसेच होते. विहिरीत सूर मारणारे, डोहाचा तळ गाठणारे पोर दर्यासमोर उभे राहिले की त्यालाही डोहाचेच नियम लावू पाहते. घोटाळा होतो तो इथेच.

दिवाळी झाली की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. एस. टी.ची गाडी प्रासंगिक करारावर ठरते. मुलांचा एकच गजर असतो : मालवणला जायचे, सिंधुदुर्ग पाहायचा, आणि स्पीडबोटीत बसायचे! त्यात वावगे काही नाही. डोंगरातल्या मुलाने समुद्र पाहावा, त्यावरून वाऱ्यासारखे फिरून यावे, हे शिक्षणच आहे. पण नियोजनाला बसलेले आपण शिक्षक पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा. माझे सांगणे असे की, पहिला प्रश्न तिथीचा विचारावा. ज्या दिवशी बोटीत बसायचे, त्या दिवशी तिथी कोणती?

आता तुम्ही म्हणाल, सहलीला मुहूर्त कशाला? हा मुहूर्त नव्हे. हा भरती-ओहोटीचा हिशेब आहे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणजे आजची भरती उद्या पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या ओढीने चालते. यावरून कोकणच्या दर्यावर्दी लोकांनी एक सोपा आडाखा बसवला आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. सहा वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत असत, ती काही उगाच नव्हे! सहलीच्या आधी आठवडाभर हे गणित फळ्यावर मांडा आणि मुलांकडूनच भरतीची वेळ काढून घ्या. हा आडाखा तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक आणि तिथल्या नाखव्याचा शब्द प्रमाण मानावा. पण दिवस निवडायला पाऊणकी पुरते.

आता ही वेळ एवढी महत्त्वाची का, ते पाहू. मालवणच्या बंदरातून निघून किनाऱ्याने दक्षिणेकडे चला. उजव्या हाताला सिंधुदुर्ग किल्ला राहतो. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. त्यांतून जाणारी वाट माहीत असलेल्यालाच सापडते, आणि शत्रूच्या जहाजांना ती सापडू नये म्हणूनच ही जागा हेरलेली. पुढे डाव्या हाताला तारकर्लीची लांबलचक पुळण, सुरूची झाडे, मग देवबागची माडांची रांग. देवबाग म्हणजे वाळूची एक अरुंद जीभ. तिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. जिभेच्या टोकाशी नदी दर्याला मिळते, तोच संगम. पलीकडे भोगवे दिसते, आणि दूर निवतीचे खडक. साऱ्या फेरीत डोळ्यांना सर्वांत सुंदर जागा हीच, आणि अवघड जागाही हीच.

ती अवघड का? नदीने आणलेली आणि लाटांनी लोटलेली वाळू मुखाशी साचते आणि पाण्याखाली वाळूचा बांध तयार होतो. भरतीला त्यावर पाणी भरपूर असते, होडी सुखाने आतबाहेर करते. ओहोटी लागली की दोन गोष्टी एकदम होतात. एक तर बांधावरचे पाणी उथळ होते. दुसरे, नदीचे आणि ओहोटीचे पाणी मिळून जोराने बाहेर धावते, तर समुद्राच्या लाटा समोरून आत येत असतात. दोघांची टक्कर झाली की लाट उभी राहते, आखूड होते आणि फुटते. अशा फुटत्या लाटेत आडवी सापडलेली होडी उलटायला वेळ लागत नाही. सप्तमीचा दिवस धरा. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे साडेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. नऊ-दहाला मुले बोटीत बसतील तेव्हा पाणी जोराने बाहेर निघालेले असेल. तेच एकादशी, द्वादशी, त्रयोदशी घ्या. सव्वाआठ, नऊ, पावणेदहा. सकाळी चढत्या पाण्याबरोबर निघावे, भरपाण्यात संगम पाहावा, आणि पाणी फिरायच्या सुमारास परतावे.

सकाळच का, याला दुसरेही कारण आहे : वारा. हे शेतकऱ्याला सांगायला नको. खळ्यावर वावडीवर उभे राहून उफणणी करणारा वारा कधी सुटतो, याकडे डोळे लावून असतो. किनाऱ्यावर रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो. म्हणून सकाळी पाणी शांत. उन्हे चढली, जमीन तापली, की दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि पाण्यावर पांढरे फेस उठू लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. त्यानंतर दुपारचा वारा दिवसेंदिवस जोर धरतो. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात तर प्रवासी बोटी आणि जलक्रीडा बंदच ठेवतात. पण तारखेआधी समुद्र शांतच असेल, असे धरून चालू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची एक बोट खवळलेल्या पाण्यात उलटली आणि दोघांचा जीव गेला. बंदीला दोन दिवस बाकी होते. दर्या कॅलेंडर वाचीत नाही.

या साऱ्यातून गाडीचे वेळापत्रक आपोआप ठरते. मलकापुराहून अणुस्कुरा घाटाने राजापूर, तिथून महामार्गाने कणकवली, आणि मग मालवण, हा प्रवास थांबत-थांबत अर्ध्या दिवसाचा. पहाटे निघून दुपारी पोचायचे, मुलांना घाईने जेवू घालायचे आणि लगेच बोटीत बसवायचे, हा बेत साफ चुकीचा. घाटाच्या वळणांनी मुले आधीच मळमळलेली असतात, आणि वारा नेमका तेव्हाच चढलेला असतो. त्यापेक्षा पहिल्या दिवशी पोचावे. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून मुलांना पाणी चढते-उतरते ते दाखवावे. वाळूत काठी रोवून पाणी कुठवर आले ते मोजायला लावावे. रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी हलकी न्याहारी करून सकाळी बोट.

आता बोटीविषयी. स्पीडबोट साध्या होडीसारखी पाणी कापीत जात नाही. वेग घेतला की तिचे नाक वर उठते आणि ती पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते. मुले चपटी खापरी तळ्यावर फेकतात आणि ती टपटप उड्या मारीत जाते ना, तसे. म्हणून पुढच्या बाकावर दणके जास्त बसतात. कंबर-पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या बोटीत बसू नये. वळताना ती एका अंगावर कलते, तेव्हा कुणी उभे राहिले की तोल गेलाच. बैलगाडीचे ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, हे खेड्यातल्या मुलाला ठाऊक असते. होडीचेही तसेच. फरक इतकाच की गाडी दोन अंगांनी उलाळते, होडी चारी अंगांनी.

याची किंमत आपल्या किनाऱ्याने मोजलेली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पावसात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली एक बोट उलटली. तीत चाळीसच्या आसपास मुले होती. तीन मुली गेल्या. बोटीत माणसे फार झाली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. महिना जानेवारीचा होता, म्हणजे चांगल्या हंगामातला. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही बातमी सहल ठरवण्याच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचा. भीती घालण्यासाठी नव्हे. मोजणी कशासाठी करायची, ते कळावे म्हणून.

धक्क्यावर काय पाहावे, ते आता थोडक्यात सांगतो. बोटीवर नोंदणीचा क्रमांक आणि किती माणसे बसवायची तो आकडा लिहिलेला असायला हवा. तो मुलांकडूनच वाचून घ्या आणि त्याहून एकही डोके जास्त बसवू नका. शंका आली तर बंदर खात्याच्या कचेरीत विचारा. ही परवानगी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या अखत्यारीत येते. जीवरक्षक जॅकेट धक्क्यावरच अंगात घालावे, बोटीत गेल्यावर नव्हे. पट्टे आवळून झाले की खांद्याशी धरून जॅकेट वर ओढून पाहा. ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे झाले. पोर पाण्यात पडले तर जॅकेट तरंगेल आणि पोर खालून निसटेल. लहान मुलाला लहान मापाचेच हवे. चालकाच्या मनगटाला इंजिनाची दोरी बांधलेली आहे ना, हेही पाहा. तो तोल जाऊन पडलाच, तर ती दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. नाहीतर बिनचालकाची बोट गरगर फिरत राहते. बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला असेल तर पुढे काही विचारायचेच नाही. आदल्या रात्री रेडिओवरचा हवामानाचा इशारा ऐकून ठेवावा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ प्रत्येक शिक्षकाच्या खिशात लिहिलेला असावा.

चाळीस मुलांचा वर्ग आणि आठ माणसांची बोट असेल तर फेऱ्या सहा होतात. कारण प्रत्येक फेरीत एक शिक्षक हवा, म्हणजे मुले सातच. बोटी दोन असतील तर शिक्षकही दोन. काठावर थांबलेल्या मुलांपाशी वेगळे दोघे. जाताना आणि येताना नावे पुकारून मोजणी. सहा फेऱ्या भरतीच्या वेळात बसत नसतील तर फेऱ्या लहान करा. संगमापर्यंत न जाता बंदराच्या आसपास फिरून या. आणि लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग पाहायला स्पीडबोट लागतच नाही. किल्ल्याकडे जाणाऱ्या नेहमीच्या प्रवासी होड्या आहेत.

डॉल्फिन दिसला तर काय? मुले एकदम त्या बाजूला धावतात, आणि होडी उलाळ व्हायला तेवढे पुरते. आधीच सांगून ठेवा : जो जिथे बसला आहे, त्याने तिथूनच पाहायचे. चालकालाही सांगा की पाठलाग करू नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने डॉल्फिनला संरक्षण आहे, आणि मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. इंजिन मंद करून शांत थांबलात, तर तो आपणहून जवळ येण्याचा संभव अधिक.

शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. सगळी तयारी झाली आहे, पैसे भरले आहेत, मुले जॅकेटे घालून रांगेत उभी आहेत, आणि नाखवा आकाशाकडे पाहून म्हणतो, “आज नको.” किंवा तो म्हणत नाही, पण तुमच्या मनाला पटत नाही. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाचा, हे मलकापुरातच ठरवून निघा. तो एकाच शिक्षकाकडे असावा, आणि त्याचा शब्द मुख्याध्यापकांनीही मोडू नये. पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत एक ओळ अवश्य लिहा : “समुद्राची स्थिती ठीक नसल्यास बोटीची फेरी रद्द होईल.” बोट ठरवतानाच पैसे परत मिळण्याचे बोलून ठेवा, म्हणजे पैशाच्या मोहाने पाऊल पुढे पडणार नाही. त्या दिवशी मुले रुसतील. त्यांना वाळूत बसवा, फुटणाऱ्या लाटा दाखवा, आणि आपण फळ्यावर काढलेली भरतीची वेळ बरोबर आली का, ते तपासायला सांगा. परतीच्या वाटेवर घाट चढताना गाडीतली डोकी एकदा पुन्हा मोजा. निघताना होती तितकी भरली की सहल पार पडली.