सात हजार वर्षांची झोप



'सजीवांची लक्षणे' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "डब्यातली कोरडी मटकी सजीव की निर्जीव?" ती हलत नाही, वाढत नाही, खातपीत नाही. मग फळ्यावर लिहिलेली लक्षणं गेली कुठे? याचं छान उत्तर समुद्रतळाच्या गाळात सापडलं आहे.

समुद्राच्या पाण्यात वनस्पतीप्लवक असतात. पाण्याबरोबर वाहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, सूर्यप्रकाशात स्वतःचं अन्न बनवणारे हे जीव. त्यातलाच एक गट डायटम. त्यांच्या एका पेशीभोवती काचेसारखं सिलिकाचं कवच असतं. परिस्थिती बिघडली की काही डायटम सुप्तावस्थेत जातात. पेशीतले व्यवहार अगदी मंदावतात, साठवलेलं अन्न पुरवून पुरवून वापरलं जातं. अशी पेशी तळाशी जाऊन बसते आणि वर गाळ साचत राहतो.

आता बाल्टिक समुद्राचं उदाहरण पाहू. स्वीडनच्या गोटलँड बेटाच्या पूर्वेला एका ठिकाणी पाणी सुमारे 240 मीटर खोल आहे. तळचं पाणी जास्त खारट, म्हणून जड. वरचं हलकं. दोन्ही सहज मिसळत नाहीत, त्यामुळे तळाशी प्राणवायू जवळजवळ नसतोच. मग गाळ उकरणारे किडेही नाहीत आणि गाळाचे थर जसेच्या तसे राहतात.

2021 साली जर्मनीतल्या वार्नेम्युंडे इथल्या बाल्टिक समुद्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथून गाळाचे उभे नमुने काढले. प्रत्येक थरातल्या गाळाला प्रयोगशाळेत उजेड आणि पोषक द्रव्यं दिली. आणि काय आश्चर्य! स्केलेटोनेमा मारिनोई नावाचा डायटम जागा झाला. सर्वांत जुना थर जवळपास 6,900 वर्षांपूर्वीचा होता. त्यातल्या पेशीही आजच्या पेशींसारख्याच विभागू लागल्या, प्रकाशसंश्लेषण करू लागल्या. अर्थात, सगळे प्लवक असे टिकत नाहीत. प्रत्येक थरातून जागी झाली ती ही एकच जात.

एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "वरची नवी पेशी खाली मिसळली नसेल कशावरून?" शाबासकी द्यावी अशीच शंका! शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली, तेव्हा वेगवेगळ्या काळातल्या थरांमधल्या पेशी एकमेकींपेक्षा वेगळ्या निघाल्या. वरून मिसळल्या असत्या, तर असा फरक दिसला नसता.

आता वर्गात किंवा घरी एवढं करा. एका वाटीत कोरडी मटकी, दुसरीत कढईत खरपूस भाजलेली मटकी भिजवा. रात्रभर भिजल्यावर ओल्या फडक्यात बांधून ठेवा. एकीला मोड येतील, दुसरीला नाही. भिजवण्याआधी मात्र दोन्ही सारख्याच निपचित होत्या. फक्त मुलांना हेही सांगा, की मटकीत अनेक पेशींचा अंकुर असतो, डायटम म्हणजे एकच पेशी.

पुढच्या वेळी लक्षणांची यादी लिहाल, तेव्हा खाली एक ओळ जोडा: लक्षण आत्ता दिसत नाही म्हणून जीव गेला, असं नाही.