वीस मिलिमीटरची वाट

गाडीचं इंजिन या मुलांनी बनवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते बनलं चाकणला, बजाजच्या कारखान्यात, केटीएमच्या 390 ड्यूकसाठी. कुणीतरी ती मोटरसायकल हौसेने घेतली, कुठेतरी आपटली आणि तिचं इंजिन सेकंडहँड भावात पुण्यात कात्रजला आलं. आता ते सातारा रस्त्यालगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी स्टँडवर बसलं आहे. 373 सीसी, एकच सिलिंडर, 89 मिलिमीटरचा बोअर, 60 चा स्ट्रोक, कागदावरची ताकद 43 अश्वशक्तीच्या घरात. पिस्टन, कॅम, व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही असं टीमने ठरवून टाकलं आहे. इंजिन उघडलं की खर्च वाढतो, आणि पुन्हा तसंच्या तसं बसेल याची खात्री नसते. मग दहा-बारा मुलं वर्षभर रात्री जागून या इंजिनाचं करतात तरी काय, हा प्रश्न मला पहिल्या भेटीतच पडला.

करतात ते सगळं एका भोकाभोवती.

फॉर्म्युला स्टुडंट नावाच्या स्पर्धेसाठी ही गाडी आहे. उघड्या चाकांची, एकाच माणसाची, विद्यार्थ्यांनी स्वतः आखून बांधलेली. अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात 1981 साली हे सुरू झालं, पुढे जगभर पसरलं. आपल्याकडे कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ भरते, शिवाय एसएई इंडियाची ‘सुप्रा’ आहे. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं जशी गल्लोगल्ली, तशा या टीमही पुष्कळ. नियमपुस्तक जाडजूड आहे, पण इंजिनवाल्यांची झोप उडवणारा नियम एका ओळीचा आहे: इंजिनात जाणारी सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल भोकातून गेली पाहिजे. इंजिन 710 सीसीपर्यंत कितीही मोठं आणा, भोक तेवढंच. त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात.

तो रिस्ट्रिक्टर होताना बघायला मी नऱ्ह्याला गेलो. नऱ्हे-धायरीच्या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, मिलिंग, सीएनसी लावून बसलेले कितीतरी लोक आहेत. पुण्याच्या मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग यांच्याकडून होऊन जातात आणि मधल्या वेळात कॉलेजच्या पोरांची कामंही. लेथवाले काका पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. ड्रॉइंग हातात घेऊन त्यांनी विचारलं, “वीस म्हणजे वीस?”

“नाही काका, वीसच्या वर अजिबात नको. गेज आत गेला की गाडी बाद.”

“मग खाली किती चालेल ते बोल ना.”

मुलगा म्हणाला, एकोणीस नव्वद. काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. “एवढं सोडतोस? एकोणीस पंच्याण्णव देतो.”

व्यासात पाच शतांश मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळात अर्धा टक्का. काकांनी हा हिशेब केला नव्हता, पण हातात आलेलं काम सैल सोडायची त्यांना सवय नाही. भोकाच्या आधीचा भाग गोलाई घेत आवळत जातो, नंतरचा सावकाश, चार-सहा अंशांनी उघडत जातो. ही उघडण्याची बाजू घाईने रुंद केली तर हवा भिंत सोडून भोवरे करते आणि मिळणारा दाब वाया जातो. म्हणून रिस्ट्रिक्टर लांबलचक होतो, गाडीत जागा नसली तरी. दोन बाजूंचा आतला पृष्ठभाग काकांनी पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केला. बोट फिरवून म्हणाले, “आता माशीसुद्धा घसरंल.”

यातली गंमत हवेच्या वेगात आहे. इंजिन खालून ओढतं, हवा घशाशी जोर धरते, ओढ वाढेल तसा वेग वाढतो. पण घशात हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचली की संपलं. त्यापुढे खालून कितीही ओढा, जास्तीचा एक ग्रॅम येत नाही. 20 मिलिमीटरच्या भोकातून समुद्रसपाटीला सेकंदाला जास्तीत जास्त 74 ग्रॅमच्या आसपास हवा जाऊ शकते. कात्रजला हवा विरळ, त्यामुळे 70 च्या आसपास. आता इंजिनाची भूक मोजा. 9000 आरपीएमला हे इंजिन सेकंदाला 75 वेळा श्वास घेतं, दर वेळी 373 घनसेंटिमीटर. म्हणजे 28 लिटर, वजनात 30 ग्रॅमच्या आसपास. 70 उपलब्ध, 30 ची गरज. मग अडचण कुठे आहे?

मला हे सांगितलं इनटेक सांभाळणाऱ्या मुलीने. तिसऱ्या वर्षाला आहे, मूळची सांगलीकडची, बोलताना हातातला पाना बोटांवर फिरवत राहते. “सर, सरासरी काढली की सगळं छान दिसतं. पण हे सतत नाही ओढत. दोन फेऱ्यांत एकदाच ओढतं, आणि तेही पाव-तिसऱ्या हिश्श्याच्या वेळात.” त्या तेवढ्या वेळापुरती मागणी तिपटी-चौपटीची होते, 100 ग्रॅमच्या आसपास जाते. भोक त्या क्षणी गुदमरतं आणि उरलेल्या वेळात रिकामं बसून राहतं. परदेशी टीम पूर्वापार चार सिलिंडरची 600 सीसीची इंजिनं वापरत आल्या, त्यात चारही सिलिंडर आळीपाळीने ओढतात, त्यामुळे ओढ बरीचशी सलग राहते. आपल्याकडे त्या मोटरसायकली परवडत नाहीत. चाकणचं एक सिलिंडर परवडतं, सुटे भाग नाना पेठेत मिळतात, आणि म्हणून देशातल्या कितीतरी टीम याच इंजिनाशी झगडताना दिसतात.

यावरचा उपाय म्हणजे प्लेनम, भोक आणि सिलिंडर यांच्यामधला हवेचा डबा. तिने तो मला कात्रजच्याच उदाहरणाने समजावला. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास इथल्या तलावाचं पाणी नळाने शहरात, शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पाणी सावकाशच यायचं, पण वाटेवर आणि पेठांत हौद होते. हौद दिवसरात्र भरत राहायचा, आणि सकाळी बायका घागरी घेऊन एकदम आल्या तरी पाणी कमी पडायचं नाही. डबा म्हणजे तो हौद. तलावाकाठी राहणाऱ्या मुलीला हे सुचावं यात नवल नाही, पण पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा मला ते लवकर कळलं.

मग हौद मोठाच बांधावा. बांधता येतो. इंजिनाच्या आकारमानाच्या आठ-दहा पट डबा केला की भोकाला जवळजवळ सलग ओढ जाणवते आणि वरच्या आरपीएमला ताकद वाढते. पण थ्रॉटल भोकाच्याही आधी बसवावा लागतो, तसा नियमच आहे. म्हणजे ड्रायव्हरने पाय दाबला की आधी तो अख्खा डबा भरायचा, मग इंजिनाला कळायचं. तेवढ्यात वळण निघून जातं.

टीममध्ये यावरून दोन तट पडले होते. एक तट मोठ्या डब्याचा, त्यांच्याकडे संगणकावरचे प्रवाहाचे रंगीत नकाशे होते. दुसरा तट ड्रायव्हरांचा, त्यांच्याकडे नुसती तक्रार होती. शेवटी दोन डबे झाले, एक चार लिटरच्या जवळपासचा, दुसरा त्याच्या निम्मा. दोन्ही नायलॉनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले. आधी कधीतरी सीनियरांनी स्वस्तातल्या पीएलए प्लास्टिकचा केला होता. पीएलए साठ अंशांच्या वर मऊ पडतं, आणि हा डबा एक्झॉस्टच्या शेजारी. इंजिन ओढत असताना तो आतल्या आत बसला. तो चेपलेला डबा अजून कपाटावर ठेवलेला आहे, नव्या मुलांना दाखवायला.

डब्यापासून व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीचं निराळंच शास्त्र आहे. व्हॉल्व्ह उघडला की नळीत दाबाची लाट उठते, डब्यापर्यंत जाऊन उलटी फिरते. ती व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात परत पोहोचली तर जाता जाता थोडी जास्तीची हवा आत लोटते. लांब नळीत हा योग कमी आरपीएमला जुळतो, आखूड नळीत वरच्या. एण्ड्युरन्सच्या शर्यतीत, म्हणजे 22 किलोमीटरच्या सगळ्यात जास्त गुणांच्या फेरीत, सरासरी वेग ताशी पन्नासच्या आसपास राहील अशीच वळणावळणाची वाट आखलेली असते. नऊ हजारांवरची ताकद तिथे क्वचित लागते. मुलांनी लांब नळी घेतली, आणि माझ्या मते सबंध प्रकल्पातला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, जरी डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर तो आकडा घटवणारा दिसला तरी.

वाट अडवून बरोबरी साधायची ही युक्ती मोटरस्पोर्टमध्ये जुनी आहे. फॉर्म्युला थ्रीमध्ये दोन लिटरच्या इंजिनांना 26 मिलिमीटरचं भोक होतं. जागतिक रॅलीत टर्बोला 34 मिलिमीटरचं. फॉर्म्युला वनने 2014 पासून हवेऐवजी इंधन आवळलं, ताशी 100 किलो. आणि जिथे भोक आहे तिथे पळवाट शोधणारेही आहेत. 1995 च्या कातालुन्या रॅलीत टोयोटाच्या टर्बोमध्ये अशी रचना सापडली की नळी आवळून बसवली की रिस्ट्रिक्टर सरकून बाजूने हवा जायची, आणि तपासायला सुटं केलं की सगळं जागच्या जागी. टोयोटावर बारा महिन्यांची बंदी आली. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी बंदी घालता घालता कारागिरीचं कौतुकही केलं होतं. मुलांना हा किस्सा फार आवडतो. त्यांचे सर शेजारी उभे असले की तो जरा हळू आवाजात सांगतात.

मोटरसायकलचं इंजिन चारचाकीत घालताना एक अडचण मला आधी सुचलीच नव्हती. मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळे तेल तळाशीच राहतं. गाडी कलत नाही. जोरात वळली की तेल एका बाजूला चढतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडं पडतं. त्यासाठी तेलाच्या तळात आडवे पत्रे बसवतात. स्पर्धेच्या तपासणीत गाडी 60 अंशांत कलती करून बघतात, ती गळतीसाठी आणि उलटते का ते पाहायला. पण तेलाचा दाब टिकतो का हे ट्रॅकवरच कळतं, आणि नाही टिकला तर ते कळण्याची किंमत एक इंजिन असते.

डायनोचं यंत्र कॉलेजचं नाही, भाड्याचं, तासावर. म्हणून तिथे कुणी रिकामं बसत नाही. एकाच्या मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर चौकटींचा तक्ता: आडवे आरपीएम, उभं थ्रॉटल किती उघडलं ते. प्रत्येक चौकटीत पेट्रोल किती वेळ फवारायचं याचा आकडा. एका सिलिंडरच्या ओढीने डब्यातला दाब इतका थरथरतो की दाबावरून हिशेब धरता येत नाही, म्हणून थ्रॉटलच्या कोनावर भिस्त. एक्झॉस्टमधला सेन्सर सांगतो मिश्रण पातळ की दाट. सीनियर अजून ‘तेरा’ म्हणतात, म्हणजे पेट्रोलच्या तेरा पट हवा. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे पूर्ण ज्वलनाचं जुनं 14.7 हे गुणोत्तर साडेतेराच्या जवळ उतरलं आहे, आणि सीनियरांचे तेरा पूर्वीचे तेरा राहिलेले नाहीत. ज्युनिअर मुलगा लॅम्डामध्ये बोलत होता, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट; पेट्रोल बदललं तरी त्याचा एक एकच राहतो. दोघांत बरीच वादावादी झाली, भाड्याचं मीटर चालू असताना. ज्युनिअरचं बरोबर होतं.

कोइंबतूर पुण्यापेक्षा खाली आहे, तिथे हवा दाट. त्यासाठीची पेट्रोलच्या आकड्यांतली दुरुस्ती तपासायला एक जण हवेच्या दाबाचा सेन्सर आणि लॉगर सॅकमध्ये टाकून स्कूटरवर जुन्या कात्रज घाटातून बोगद्यापर्यंत जाऊन आला. दीड-दोन किलोपास्कलची उतरण मिळाली, आलेख सरळ आला, वर त्याने भजीही खाल्ली.

गाडी पळवायला मात्र जागा नाही. पहाटे कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोन मांडून चालवतात. नियमात आवाजाची मर्यादा 110 डेसिबल, आणि ती मोजतात पिस्टनच्या एका ठरावीक वेगाला, या इंजिनाच्या बाबतीत साडेसात हजारांच्या आसपास. शेजारच्या सोसायटीची मर्यादा बरीच खाली आहे. वॉचमनकाका सहा वाजायच्या आत इंजिन चालू करू देत नाहीत, आणि साडेसातला गाड्या यायला लागतात. त्या दीड तासात मी जे पाहिलं त्यात वेग कमी आणि थांबणं जास्त होतं. एण्ड्युरन्समध्ये अर्ध्या वाटेवर ड्रायव्हर बदलतो, त्यासाठी तीन मिनिटं, इंजिन बंद. मग तापलेलं इंजिन पुन्हा सुरू व्हायलाच हवं. कितीतरी गाड्या तिथेच संपतात. म्हणून पार्किंगमध्ये ते पुन्हा पुन्हा तेच करत होते. दमेपर्यंत पळवायची, बंद करायची, घड्याळ लावायचं, स्टार्टर दाबायचा. बंद इंजिनात पाणी फिरत नाही, आतली उष्णता बाहेर येऊन इंजेक्टरभोवती साचते. एकदा स्टार्टर नुसताच घरघरला. कुणी काही बोललं नाही, इनटेकवाल्या मुलीने तापमानाचा आकडा वहीत उतरवला. पुढच्या खेपेला तीन मिनिटं पंखा चालू ठेवला. गाडी पहिल्या दाबात लागली.

डब्यांचा निकालही त्याच पार्किंगमध्ये लागला. मोठ्या डब्याने डायनोवर जास्त ताकद दाखवली होती, लहान डब्याने कोनांमधली फेरी दोन्ही ड्रायव्हरांच्या हातून लवकर पुरी केली. लहान बसला. मोठ्याच्या बाजूने भांडणाऱ्या मुलाने दोन दिवस तोंड पाडलं आणि मग स्वतःच दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवून छापून आणले. डिझाइनच्या फेरीत परीक्षक नाकारलेल्या पर्यायांबद्दल खोदून विचारतात, आकडे मागतात. म्हणून कोइंबतूरला जाणाऱ्या सामानाच्या यादीत, सुट्या चेन आणि गॅस्केटच्या खाली, त्याने आपल्या अक्षरात लिहिलं: मोठा प्लेनम, एक नग.