चांदीच्या भांड्यांची सफाई

चांदी हवेतील ऑक्सिजनामुळे सहसा गंजत नाही. ती काळी पडते ती हायड्रोजन सल्फाइडासारख्या गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडाचा पातळ थर बसतो. तो प्रथम पिवळसर, मग तपकिरी व अखेरीस काळा दिसतो. दमट हवेत ही विक्रिया जलद होते. पुण्यातील घरांत भाद्रपदात गौरी-गणपतीसाठी कपाटातील तबक, निरांजने, वाट्या, अत्तरदाणी बाहेर काढली असता ती काळवंडलेली आढळतात, त्याचे पावसाळी हवा हे एक कारण होय.

अशी भांडी रांगोळीने किंवा राखेने घासण्याचा प्रघात जुना आहे. तीमुळे चकाकी येते खरी. परंतु काळ्या थरात चांदीच असल्याने तो खरवडताना दर वेळी थोडी चांदी जाते, बारीक चरे पडतात व कोरलेली नावे हळूहळू पुसट होतात. मुलामा दिलेल्या भांड्यांचे तांबे वा पितळ उघडे पडते. रिठ्याच्या कोमट पाण्याने तुपाचा ओशटपणा निघतो, काळेपणा मात्र फारसा जात नाही.

याहून सौम्य उपाय म्हणजे पातेल्यात ॲल्युमिनियमचा वर्ख अंथरून त्याला टेकेल असे भांडे ठेवणे आणि वर खाण्याचा सोडा व किंचित मीठ घातलेले कढत पाणी ओतणे. विद्युत् रासायनिक विक्रियेने गंधक सुटते व चांदी बव्हंशी भांड्यावरच राहते. या वेळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. खडे जडविलेल्या किंवा आत लाख भरलेल्या वस्तू मात्र अशा पाण्यात बुडवू नयेत. नक्षीच्या खाचांत कारागिराने मुद्दाम राखलेला काळेपणाही यात निघून जातो.

धुतलेली भांडी पूर्ण कोरडी करून मऊ सुती कापडात गुंडाळतात. लोकर व रबर यांत गंधक असल्याने ती जवळ ठेवीत नाहीत.