आधी थांबायला शिका, मग घसरा!

बालमित्रांनो, बर्फ म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? नांदेड-लातूरच्या मुलांना विचारलं, तर उत्तरं ठरलेली. उन्हाळ्यातला लाल-हिरवा गोळा, रसवंतीवर पोत्यात गुंडाळून ठेवलेली बर्फाची लादी, नाही तर आभाळातून पडणाऱ्या गारा! २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात केवढी मोठी गारपीट झाली, ते तुम्ही घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकलंच असेल. हाताशी आलेली पिकं झोडपली गेली. शेतात गारांचा पांढरा थर साचला. अशा गारांवर पाय पडला, की तो कसा सर्रकन सटकतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना जरूर विचारा.

आता डोळे मिटा आणि कल्पना करा. सगळा डोंगरच पांढराशुभ्र झालाय. गारांसारखा टणक नाही, तर पिंजलेल्या कापसासारखा मऊ, भुसभुशीत बर्फ. आणि दोन्ही पायांना लांबलचक पट्ट्या अडकवून माणसं त्या उतारावरून सूंऽऽ करत खाली येताहेत! हाच तो स्कीइंगचा खेळ.

‘स्की’ हा शब्द आला उत्तर युरोपातून, नॉर्वेच्या बाजूनं. मूळ अर्थ काय, तर चिरलेलं लाकूड, फळी. त्या भागात हिवाळाभर बर्फ असतो. त्यात चालताना पाय रुतू नयेत म्हणून हजारो वर्षांपूर्वी माणसानं पायांना फळ्या बांधल्या. गरजेतून निघालेल्या त्या युक्तीचा पुढं खेळ झाला.

आपल्या देशातही बरं का!

स्कीइंग म्हणजे फक्त परदेशातली गंमत, असं समजू नका. काश्मीरमधलं गुलमर्ग, उत्तराखंडमधलं औली, हिमाचलातलं मनालीजवळचं सोलंग ही आपल्याकडची स्कीइंगची ठिकाणं. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. उंची १६४६ मीटर. गुलमर्गचं नुसतं कुरणच त्याहून सुमारे हजार मीटर उंचावर आहे!

१९६४ साली जेरेमी बुजाकोव्स्की हे हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले, ते स्कीइंगमध्येच. मनालीकडच्या आंचल ठाकूरनं जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकच खेळाडू गेला होता. तो म्हणजे गुलमर्गच्या उतारांवर शिकलेला आरिफ खान. जायंट स्लॅलम या प्रकारात तो पंचेचाळिसावा आला. ‘पंचेचाळिसावा? मग त्यात काय मोठंसं?’ असं म्हणू नका हं! त्या दिवशी जोरदार बर्फ पडत होता आणि कितीतरी नामांकित खेळाडूंना शर्यत पूर्णच करता आली नाही. आरिफनं ती पूर्ण केली.

वर्गात हा विषय निघाला, तेव्हा चौथीतल्या एका पठ्ठ्यानं लगेच विचारलं, “सर, आपल्याकडं बर्फच नाही. मग आपल्याला हे काय कामाचं?” प्रश्न अगदी बिनतोड. पण मुलांनो, आपल्याकडं बर्फ नसला तरी उतार आहेत की नाहीत? माहूरगडाचा घाट आहे, बालाघाटातले चढउतार आहेत, गावोगावी पुलांचे उतार आहेत. आणि उतारावरून सायकल सोडून देणारी पोरं तर गल्लोगल्ली आहेत! म्हणून ही गोष्ट नीट वाचा. ती तुमच्याही कामाची आहे.

पायांपासून डोक्यापर्यंत

स्कीइंगला निघालेला माणूस अंगावर काय काय चढवतो, ते क्रमानं बघू या.

पहिली वस्तू म्हणजे बूट. बाहेरून कडक प्लॅस्टिक, आतून मऊ अस्तर. पाय आत हलता कामा नये, कारण पायानं वळवलं तरच स्की वळते. थंडी वाजेल म्हणून काही जण दोन-दोन, तीन-तीन मोजे घालतात. तिथंच फसतात! बूट इतका घट्ट होतो, की पायाला रक्त नीट पोचत नाही आणि बोटं आणखीच गार पडतात. मोज्यांचा एकच जोड, पण चांगला हवा.

कपड्यांचीही अशीच गंमत. आपल्या भागात कापूस पिकतो. आपल्या उन्हाळ्याला सुती कपड्यासारखा दुसरा कपडा नाही. पण बर्फात अंगालगत सुती कपडा चालत नाही. तो घाम आणि पाणी शोषून घेतो, लवकर वाळत नाही आणि ओला झाला की अंगातली ऊब पळवतो. म्हणून आत लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. हातमोजे तर हवेतच. पडल्यावर पहिले हातच टेकतात ना!

डोळ्यांवर गॉगल. तो ऐट करण्यासाठी नसतो. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. उघड्या डोळ्यांनी दिवसभर राहिलं, तर डोळ्यांची आग होते, पाणी वाहतं आणि काही वेळ दिसेनासंही होतं.

आणि डोक्यावर हेल्मेट. त्याच्या आत कडक फोमचा थर असतो. आपटल्यावर तो थर स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा मार कमी करतो. म्हणूनच एकदा जोराचा दणका बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरत नाहीत. त्यानं आपलं काम केलेलं असतं.

सोडून देणारी पकड

बूट आणि स्की यांना जोडणारा एक भाग असतो. त्याला बाइंडिंग म्हणतात. सांगा बरं, चांगलं बाइंडिंग कोणतं? “जे पायाला घट्ट धरून ठेवील ते!” असंच म्हणालात ना? पूर्वी सगळ्यांना असंच वाटायचं. पण विचार करा. स्की बरीच लांब. माणूस पडला, स्की बर्फात अडकून फिरली आणि पाय मात्र तिला जखडलेला. मग काय होईल? स्की पायाला पिळून काढील. लाकडाच्या दांड्यानं पान्याला पीळ द्यावा तसा! अशानं कितीतरी जणांची हाडं मोडत.

याल्मार व्हाम नावाचा एक उत्तम स्कीपटू होता. जन्म नॉर्वेचा, राहायला अमेरिकेत. १९३७ साली त्याचा पाय मोडला. दवाखान्यात पडल्या पडल्या तो विचार करू लागला, की पडताना पाय आपोआप सुटला असता तर? त्यानं तिथंच कागदावर आकृती काढली. त्यातूनच ठरावीक जोर आला की बूट सोडून देणारं बाइंडिंग तयार झालं. १९३९ साली त्याला त्याचं पेटंटही मिळालं.

आजच्या बाइंडिंगमध्ये पाय पिळला जाऊ लागला, की चवड्याकडची पकड बाजूला सुटते. माणूस पुढं तोंडावर पडू लागला, की टाचेची पकड वर सुटते. आणि सुटलेली स्की एकटीच धावत जाऊन खालच्या कुणाला लागू नये, म्हणून तिला दोन छोटे ब्रेक असतात. बूट सुटला की ते बर्फात रुततात.

आता खरी गंमत ऐका. ही पकड किती जोरानं सुटावी, ते प्रत्येकासाठी वेगळं ठरवावं लागतं. स्की भाड्यानं देणारा जाणकार माणूस तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हांला स्कीइंग कितपत येतं, हे विचारतो. त्यावरून आकडा लावतो. आकडा कमी लागला तर स्की उगीचच निसटते. जास्त लागला तर वेळेवर सुटत नाही. समजा, एखाद्यानं मित्रांसमोर फुशारकी मारली, “मला तर एकदम भारी येतं!” तर त्याची पकड जास्त घट्ट बसवली जाईल. त्या फुशारकीची किंमत मग पायाला मोजावी लागेल.

पहिला धडा कोणता?

गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. मनालीलाही पर्वतारोहणाची सरकारी संस्था आहे. अशा ठिकाणी रीतसर शिकवतात. तिथं पहिला धडा वेगाचा नसतो. पडायचं कसं, उठायचं कसं आणि थांबायचं कसं, हे आधी शिकवतात.

थांबण्याची युक्ती सोपी आहे. बैलगाडी आठवा. तिच्या दोन दांड्या पुढं जुवाकडं जवळ येतात आणि मागं लांब होतात. दोन्ही स्की तशाच धरायच्या. पुढची टोकं जवळ, मागची दूर. मग आतल्या बाजूच्या कडा बर्फावर दाबायच्या. वेग कमी होत होत माणूस थांबतो. हे जमेपर्यंत सौम्य उतार सोडायचा नाही.

थांबण्याला एवढं महत्त्व का? पाचवी-सहावीच्या मुलांनो, हे ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. वेग तिप्पट झाला तर ते अंतर नऊपट! स्कीइंगच्या मोठ्या स्पर्धेत २०१३ साली योहान क्लारे या फ्रेंच खेळाडूनं ताशी १६१.९ किलोमीटर वेग गाठला होता. पण त्यामागं लहानपणापासूनचा सराव असतो. शर्यतीचा मार्ग रिकामा असतो आणि कडेला जाळ्या लावलेल्या असतात.

रस्त्यावर जसे नियम, तसे बर्फावरही आहेत. स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं दहा नियम ठरवून दिले आहेत. त्यातले काही पाहा. तुमच्या पुढं असलेल्याला सांभाळणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी. जेवढा ताबा ठेवता येईल तेवढाच वेग. निघताना वर आणि खाली दोन्हीकडं बघायचं. अरुंद जागी किंवा मागून येणाऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी थांबायचं नाही. पाट्या आणि खुणा पाळायच्या. अपघात झाला तर मदत करायची, पळून जायचं नाही.

पाटी का पाळायची, तेही सांगतो. नेमलेल्या मार्गाबाहेरच्या उतारावर साचलेला बर्फ एकाएकी ढासळून खाली येऊ शकतो. त्याला हिमस्खलन म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गजवळच्या अफरवट डोंगरावर अशाच हिमस्खलनात पोलंडहून आलेले दोन स्कीपटू दगावले.

“मला काही झालं नाही!”

आता एक गोष्ट सांगतो. ती आई-बाबांनीही वाचावी. नताशा रिचर्डसन ही इंग्लंडची नामवंत अभिनेत्री. मार्च २००९ मध्ये ती कॅनडातल्या एका ठिकाणी स्कीइंग शिकत होती. उतार अगदी नवशिक्यांचा. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ती पडली, उठली, हसली, बोलली. “मी ठीक आहे” म्हणाली. तपासून घ्यायला नको म्हणाली. तासाभरानं डोकं दुखू लागलं. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनी ती गेली.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण “मला काही झालं नाही” हे वाक्य आपल्या शाळेतही रोज ऐकू येतं. मुलं सायकलवरून पडतात, घसरगुंडीवरून पडतात, झाडावरून पडतात. कपडे झटकतात आणि घरी गप्प बसतात. का? तर रागावतील म्हणून! मुलांनो, डोक्याला मार लागला असेल, तर लपवायचं नाही. घरी सांगायचंच. मित्राला लागलं असेल आणि तो सांगत नसेल, तर तुम्ही सांगा. ती चहाडी नव्हे. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, अवेळी झोप येऊ लागली, बोलणं अडखळलं किंवा मूल ओळखीचं काही विसरू लागलं, तर उद्याची वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा.

पालकांनो, तुम्हांलाही एक विनंती. पोरगं पडून आलं, तर आधी विचारा, “कुठं लागलं?” रागवायचं ते नंतर रागवा. पहिल्याच वेळी धपाटा बसला, तर दुसऱ्या वेळी ते काही सांगणार नाही.

आपल्या उताराची तयारी

सायकल उतारावर घालण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. माहूरच्या घाटासारख्या वळणाच्या उतारावर पायडल मारू नका. वेग वाढायच्या आधीच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत चला. डबलसीट तर नकोच. हेल्मेट घालाल तेव्हा ते भुवईच्या दोन बोटं वर बसलंय का बघा. मागं सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. पट्टा लावलेला नसेल, तर ते पडताना डोक्याच्या आधी निघून जातं.

आणि बाबांच्या मोटारसायकलवर? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या बदलानुसार दुचाकीवरच्या चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. म्हणजे मागं बसलेल्या तुम्हांलाही हेल्मेट हवंच. दुचाकीसाठी घेताना आयएसआय खूण बघून घ्या. बाबा म्हणतील, “इथंच तर जायचंय, कोपऱ्यावर!” तेव्हा त्यांना नवशिक्यांच्या त्या सौम्य उताराची गोष्ट सांगा.

मोठे झालात की तुमच्यापैकी कुणी ना कुणी बर्फ पाहायला नक्की जाईल. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला जातेच. तिथून काश्मीर काही फार लांब नाही! गुलमर्गला पोचलात, तर आधी थांबायला शिका. आणि हो, बाइंडिंग लावणाऱ्या काकांनी वजन विचारलं, तर अगदी खरं खरं सांगा हं!