उंट दिला, डाव जिंकला

बुद्धिबळाची खरी रंगत वजीर, हत्ती आणि घोड्यांच्या धुमश्चक्रीत असते, असा सर्वसाधारण समज आहे. मारामारी संपली, पटावर दोन राजे, दोन उंट आणि मूठभर प्यादी उरली, की बघ्यांना जांभया येऊ लागतात. मुरलेले खेळाडू मात्र इथेच सावरून बसतात. कारण आता एकेका खेळीचा हिशेब द्यावा लागतो.

१९९८ साली स्पेनमधल्या लिनारेस गावी झालेल्या स्पर्धेत असाच एक शेवट रंगला. या स्पर्धेत कास्पारोव्ह, क्रामनिक, इव्हान्चुक यांच्यासारखे मातब्बर उतरले होते. पहिला आला तो आपला विश्वनाथन आनंद. पण स्पर्धा गाजली ती दुसरा आलेल्या अलेक्सी शिरोव्हच्या एका खेळीमुळे. लॅटव्हियातल्या रिगा शहरात जन्मलेला शिरोव्ह काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. समोर होता बल्गेरियाचा वेसेलिन टोपालोव्ह, जो पुढे २००५ मध्ये जगज्जेता झाला.

घरी पट असेल तर ही स्थिती जरूर मांडून पाहा. पांढऱ्याचा राजा जी१ वर, उंट सी३ वर, प्यादी जी२ आणि एच४ वर. काळ्याचा राजा ई६ वर, उंट एफ५ वर, प्यादी ए४, डी५, एफ६ आणि जी६ वर. सत्तेचाळिसावी खेळी, आणि पाळी काळ्याची.

काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत. मग काळजी कसली? काळजी आहे ती उंटांच्या रंगाची. पांढऱ्याचा उंट फक्त काळ्या घरांवरून फिरतो, तर काळ्याचा उंट फक्त पांढऱ्या घरांवरून. त्यामुळे दोघे एकमेकांना कधीच भिडत नाहीत. कमकुवत बाजू आपल्या रंगाच्या घरांवर ठाण मांडते आणि एखाददुसरे प्यादे कमी असूनही डाव बरोबरीत सोडवते. इथेही टोपालोव्हचा राजा दोन पावलांत ई३ वर पोहोचला असता, तर राजा आणि उंट मिळून काळ्याची प्यादी रोखून धरणार होते.

शिरोव्हला आपला राजा त्याआधी ई४ वर न्यायचा होता. पण वाट कुठली? ई५ या घरावर पांढऱ्या उंटाची नजर. उरला एफ५चा रस्ता, आणि तो त्याच्या स्वतःच्याच उंटाने अडवलेला! उंट बाजूला घ्यावा तर एक खेळी खर्ची पडते, आणि तेवढ्यात पांढरा राजा ई३ गाठतो.

शिरोव्हने उंट उचलला आणि एच३ वर ठेवला. थेट जी२ वरच्या प्याद्याच्या तोंडी! पाहणाऱ्याला वाटावे, चुकून हात गेला असेल.

पण हिशेब पक्का होता. प्याद्याने उंट मारायचा तर टोपालोव्हची एक खेळी त्यातच जाणार, आणि नेमकी तेवढीच उसंत काळ्या राजाला हवी होती. बरे, उंट न मारता पांढरा राजा पुढे सरसावला तर? शिरोव्हचा राजा एफ५ वर येणार, आणि पांढरा राजा एफ३ वर आला की उंट जी२ चे प्यादे शह देऊन मारणार. राजाला तो उंट मारण्यासाठी मागे फिरावे लागणार आणि ई४ चे घर मोकळेच राहणार.

टोपालोव्हने उंट मारला. काळा राजा एफ५ वर आला, पांढरा एफ२ वर; आणि पुढच्याच खेळीत काळ्या राजाने ई४ गाठले. पांढऱ्या उंटाने एफ६ चे प्यादे टिपले, पण त्यात वेळ गेला. शिरोव्हने डी प्यादे पुढे रेटले आणि राजा ए प्याद्याच्या मदतीला नेला. दोन बाजूंनी निघालेल्या दोन प्याद्यांना एकटा उंट किती पुरणार? पाच-सहा खेळ्यांतच, त्रेपन्नाव्या खेळीनंतर, टोपालोव्हने डाव सोडला. शिरोव्हकडे तेव्हा राजा आणि प्यादी सोडली तर एकही मोहरा नव्हता.

नवशिक्याला आपण पहिल्यांदा शिकवतो ते मोहऱ्यांचे मोल: उंट म्हणजे तीन प्याद्यांएवढा. ते खोटे नाही. पण ज्या उंटाने आपल्याच राजाची वाट अडवली आहे, त्याचे मोल काय? शेवटाच्या खेळात मोहरे मोजण्याआधी पावले मोजावी लागतात. तुमच्या राजाला किती खेळ्या लागतील, समोरच्याला किती, आणि वाटेत कोण उभे आहे, हे तीन प्रश्न घरच्या पटावरही विचारता येतात. मुलांचा डाव उंट-प्याद्यांवर आला की "बरोबरी" म्हणून पट आवरण्याची घाई करू नका. थोडा वेळ त्यांना मोजू द्या.