शस्त्र, शल्य आणि स्वर : मिरजेच्या कारागिरीचा मागोवा

चीनमधील शीआन या महानगराभोवती मिंग राजवटीत बांधलेला, सुमारे चौदा किलोमीटर घेराचा तट आजही उभा असून २०११ पासून त्या नगराच्या पोटातून भुयारी रेल्वे धावते. आणि परंपरा व आधुनिकता यांच्या सहवासाचा दाखला म्हणून जगभरचे प्रवासी त्या तटाकडे बोट दाखवितात. मिरजेच्या किल्ल्याला हे भाग्य लाभले नाही. ज्याच्या वेढ्यासाठी १७३९ साली खुद्द शाहू महाराज साताऱ्याहून जातीने निघाले आणि जो पुढे १७६१ मध्ये गोविंद हरी पटवर्धनांच्या हाती आला, त्या किल्ल्याचा तट काळाच्या ओघात ढासळत वस्तीत मिसळून गेला. तरीही या नगराने आपला वारसा गमावला, असे मला मुळीच वाटत नाही; कारण मिरजेचा खरा वारसा तटाच्या दगडांत नव्हता, तो माणसांच्या हातांत होता, आणि ते हात राज्य बदलताच नवे काम शिकले.

याचा पहिला पुरावा म्हणजे येथील शिकलगार. तलवार, भाला, कट्यार घडविणे आणि त्यांना पाणी व धार देणे हा ज्यांचा पिढीजात पेशा, त्यांच्यावर इंग्रजी अंमल स्थिर होताच उपासमारीची पाळी आली; फौजा मोडल्या, शिलेखाने बंद पडले आणि हत्याराला गिऱ्हाईक उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत गवयांचा राबता वाढत असताना, फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोहिउद्दीन यांनी प्रथम नादुरुस्त तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास आणि नंतर स्वतंत्रपणे घडविण्यास आरंभ केला. पोलादाचा बाक नजरेने जोखणाऱ्या त्या हातांना लाकडाचा बाक परका वाटला नसावा. त्यांच्याच वंशजांनी आणि शागिर्दांनी पुढे सतारमेकर हे आडनाव धारण केले, आणि मिरजेचा तंबोरा देशभरच्या मैफलींत जाऊन बसला.

या कामाचे मर्म दुकानाच्या दर्शनी भागात कळत नाही. त्यासाठी आतल्या अंगाला, जेथे वाळलेल्या भोपळ्यांच्या राशी आढ्यापर्यंत रचलेल्या असतात, तेथे जावे लागते. हे भोपळे पंढरपूर, बेगमपूर भागातून, भीमाकाठच्या मळ्यांतून येतात. चवीला कडू, म्हणून खाण्यास निरुपयोगी, पण सालीला जाड आणि नादाला उत्तम. भोपळा कापावयाचा, पाण्यात भिजवून मऊ करावयाचा, आतून काठ्यांचे आधार देऊन त्याला इच्छित गोलाई येईपर्यंत वाळू द्यावयाचा. मग तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडून वर तबली बसवावयाची. परंतु हे सर्व झाल्यावरही वाद्य मुकेच असते. घोडीचा माथा कानसेने केसाकेसाने घासत, दर घासणीनंतर तार छेडून कान देत, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा किंचित पुढे-मागे सारीत कारागीर जेव्हा जवारी लावतो, तेव्हा कोठे त्या लाकडातून भरदार, लांब पल्ल्याचा झंकार उठतो. या क्रियेचे मोजमाप कोणत्याही फूटपट्टीवर नाही, ते सर्वस्वी कानात आहे.

आणि नेमके हे कानातले ज्ञान गणितात आणण्याचा एक विलक्षण प्रयत्न याच परिसरात झाला, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आयुष्य महसुली दप्तरांत आणि जमाबंदीच्या हिशोबांत गेलेले हे गृहस्थ उतारवयात श्रुतींच्या हिशोबाकडे वळले, आणि तारेची लांबी व कंपनांचे प्रमाण यांच्या साहाय्याने बावीस श्रुतींची स्थाने निश्चित करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. तारेचा दोन-तृतीयांश भाग छेडला की पंचम मिळतो, हे कोणीही पडताळू शकतो. परंतु गवई प्रत्यक्ष मैफलीत लावतो तो कोमल गांधार नेमका कोठे उभा असतो, हे सांगावयास गवईच हवा. तो गवई देवलांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने लाभला. सनदी सेवेतील न्यायाधीश क्लेमंट्स हेही या उद्योगात सामील झाले आणि त्यातून श्रुतींची पेटी सिद्ध झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद माजला आणि ती पेटी काही रूढ झाली नाही. तरी माझ्या मते किराण्यात जन्मलेला उस्ताद, ब्राह्मण पेन्शनर आणि गोरा न्यायाधीश एका तारेवर कान लावून बसले, हा महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासातील मोठा प्रसंग आहे आणि त्याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती.

वैद्यक आणि संगीत यांची सोयरीकही येथे जुनीच. नरसोबाच्या वाडीला उत्सवात दारूकामाने डोळे अधू झालेल्या कुरुंदवाडच्या मुलाला उपचारासाठी मिरजेस आणले, तेव्हा डॉ. भडभडे यांनी त्याला संगीत शिकविण्याचा सल्ला दिला; बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी तयार झालेल्या त्याच विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून गुरुगृहातील विद्येला वर्ग, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा दिल्या. १९३१ साली त्यांचा अंतही मिरजेतच झाला. दरम्यान डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे रुग्णालय उघडले, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली, आणि मिरजेची कीर्ती दूरच्या मुलुखांतील रोग्यांपर्यंत पोचली. शस्त्रे घडविणारे हात जेथे वाद्ये घडवू लागले, तेथेच शल्यवैद्याच्या शस्त्राला मान मिळाला.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात आजही उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ, त्यांची कबर आहे त्याच आवारात, देशभरचे गवई हजेरी लावतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र मानांकनाने नाव सुरक्षित होते, भोपळा पिकत नाही. कडू भोपळ्याला उसाच्या तोडीचा भाव मिळाला नाही तर भीमाकाठचा शेतकरी तो कशासाठी लावील, आणि वर्षानुवर्षे कान तयार होईपर्यंत शिकाऊ मुलाच्या घरची चूल कोण पेटवील, याची तजवीज सरकारदरबारी आणि संगीतप्रेमींच्या संस्थांत, आजचे वृद्ध कारागीर जवारी लावीत आहेत तोवरच झाली पाहिजे.