खलनायकाचे बारसे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चित्रकथेतला नायक कुठल्याही देशात गेला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. मुखवटा तोच, घोडा तोच, ठोसाही तोच. अडचण येते ती खलनायकाची आणि नायकाच्या मागे उभ्या असलेल्या दुय्यम माणसांची. त्यांना परक्या मुलखातून आपल्याकडे आणताना संपादकाला थांबून विचार करावा लागतो. हे नाव इथे चालेल का? कोणाला लागेल का? म्हणून आज नायकाला जरा बाजूला बसवू आणि या उरलेल्या मंडळींविषयी बोलू.

सुरुवात वेताळापासून करावी लागेल. अमेरिकेतल्या ली फॉक यांनी १९३६ साली वृत्तपत्रांसाठी ‘फँटम’ ही चित्रमालिका सुरू केली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढले, तेव्हा मराठीत या फँटमचे नाव झाले वेताळ. आता वेताळ म्हणजे आपल्याकडे कोण? विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा आणि ‘चांदोबा’च्या पानांतून पुन्हा झाडावर जाऊन लटकणारा. भुताखेतांचा राजा. कोकणात आणि गोव्यात तर कित्येक गावांचा राखणदार देव. भूतही तेच आणि रक्षणकर्ताही तेच, ही कल्पना मराठी मुलाला वेगळी समजावून सांगावी लागली नाही. परक्या नायकाला आयतीच घरची वंशावळ मिळाली. इतके चपखल भाषांतर क्वचितच होते.

खलनायकांचे बारसे मात्र इतके सुखाचे नव्हते. मूळ कथेत फँटमच्या घराण्याचे पिढीजात वैरी म्हणजे समुद्री चाच्यांची एक टोळी. तिचे नाव फॉक यांनी ठेवले होते ‘सिंग’. अमेरिकेतल्या वाचकाला ते पूर्वेकडचे, गूढ आणि जरा भीतीदायक वाटणारे एक नाव, एवढेच. पण भारतात ते कोट्यवधी माणसांचे नाव! पंजाबातल्या शाळकरी पोराने आपल्याच आडनावाचे चाचे पानोपानी मार खाताना पाहावेत, हे कोणत्या संपादकाला परवडणार? तेव्हा सिंग टोळीची ‘सिंगा’ टोळी झाली. फँटमच्या बापाला पाठीत सुरा खुपसून मारणारा जो खुनी, त्याचे मूळ नाव तर याहून पंचाईतीचे होते. त्याचे नाव होते रामा. ‘इंद्रजाल’च्या पहिल्याच अंकात वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट होती आणि तिच्यात हाच खुनी होता. त्याचा ‘रामालू’ करण्यात आला. फँटमच्या देशाचे नावही बंगालशी फार मिळतेजुळते होते, ते ‘डेंकाली’ झाले. एखाददुसरे अक्षर इकडचे तिकडे झाले आणि खलनायक कोणाचाच राहिला नाही.

हे चांगलेच झाले, असे मला वाटते. पण याच कथांमध्ये दुसरीही माणसे होती. वेताळाचा विश्वासू गुरन आणि त्याची बुटक्या, काळ्या, विषारी बाण मारणाऱ्या लोकांची जमात. जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार. हा लोथार खरे म्हणजे राजपुत्र, सात राष्ट्रांच्या समूहाचा वारस. पण १९३४ साली मालिका सुरू झाली तेव्हा तो बिबट्याचे कातडे पांघरून, मोडकेतोडके इंग्रजी बोलत मँड्रेकची ओझी उचलत होता. त्याचे रूप सुधारायला तीस वर्षे लागली. १९६५ साली चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्स यांनी मालिका हाती घेतल्यावर तो नीट कपडे घालू लागला, शुद्ध बोलू लागला आणि नोकराचा मित्र झाला. त्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचा अर्थ लागतो.

गंमत पाहा. ज्या संपादकीय टेबलावर ‘सिंग’ नावाने कोणाचे मन दुखावेल याची काळजी वाहिली गेली, त्याच टेबलावरून गुरनची जमात जशीच्या तशी छापायला गेली. अंक विकत घेणाऱ्यांत सिंग होते. आफ्रिकेतल्या जंगलातला माणूस पुस्तकाच्या दुकानात येऊन तक्रार करणार नव्हता. खलनायक आणि सेवक कोणाला करायचे, हे पुष्कळदा गिऱ्हाईक कोण आहे यावर ठरते, ते असे.

आणि हे फक्त संपादकाच्या टेबलावर घडत होते असेही नाही. सेलू तालुक्यातले आमचे वालूर आता बारवांमुळे बाहेरच्यांना माहीत झाले आहे. तिथे हे अंक सेलूच्या रेल्वे स्टेशनच्या बाजूने यायचे. कोणाचा मामा किंवा काका प्रवासाहून परतला की त्याच्या पिशवीत एखादा असायचा. मग तो कोपरे मऊ पडेपर्यंत गावभर फिरायचा. सुटीत मुलांचा वेताळाचा खेळ रंगे. अंक ज्याच्या घरचा, तो वेताळ. रंगाने सावळा असेल त्याला न विचारताच गुरन. आणि गावाबाहेरच्या वस्तीतून खेळायला आलेल्या पोरांच्या वाट्याला कायम चाचे. वेताळाच्या हाताला कवटीची अंगठी असते आणि तिचा ठसा शत्रूच्या गालावर उमटतो; आम्ही तो ठसा चुलीतल्या कोळशाने काढत असू. तोही रोज त्याच गालांवर. मोठ्यांपैकी कोणी हे ठरवून दिलेले नव्हते. मुलांनी गाव पाहिले होते, आणि त्याप्रमाणे भूमिका वाटल्या.

आपल्या मातीतला खलनायक ‘इंद्रजाल’मध्ये आला तो १९७६ साली, आबिद सुरती यांच्या ‘बहादूर’बरोबर. ‘धर्मयुग’मधले ढब्बूजी काढणारे हेच सुरती. बहादूरचे शत्रू म्हणजे चंबळचे दरोडेखोर. चार वर्षांपूर्वीच, १९७२ साली, जयप्रकाश नारायण यांच्यासमोर चंबळच्या शेकडो दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली होती, त्यामुळे विषय घरोघरी माहीत होता. सुरतींनी एक मोठी गोष्ट केली. बहादूरला त्यांनी दरोडेखोराचा मुलगा केले. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि मुलगा पुढे गावकऱ्यांचे संरक्षक दल उभे करतो. खलनायक इथे समुद्रापलीकडून येत नाही, तो नायकाच्याच घरातला असतो. वेताळाच्या कथेपेक्षा मला हे नेहमी जास्त प्रामाणिक वाटत आले आहे, जरी खेळताना बहादूर व्हायला कोणी फारसे तयार नसे. त्याला मुखवटा नव्हता ना!

१९९० साली ‘इंद्रजाल’ बंद पडले. मुलांचे पैसे तोवर दुसरीकडे, व्हिडिओ गेमकडे वळू लागले होते. तिथेही खलनायकाच्या बारशाची कटकट सुटली नव्हती. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ हा मारामारीचा खेळ काढला. त्यातला एक दांडगा मुष्टियोद्धा उघड उघड माईक टायसनवर बेतलेला, आणि जपानी खेळात त्याचे नावही बायसन. जपानबाहेर हा खेळ न्यायचा तर टायसन कोर्टात खेचेल, अशी भीती. म्हणून तीन खलनायकांची नावे आपसात फिरवली. मुष्टियोद्धा झाला बालरॉग, बालरॉग नावाचा नखेवाला झाला वेगा, आणि वेगा नावाचा लष्करी हुकूमशहा झाला बायसन. ‘सिंग’चा ‘सिंगा’ वाचकाच्या भावनेसाठी झाला, इथली अदलाबदल वकिलाच्या धाकाने झाली.

खेळातल्या किरकोळ गुंडांची कथा आणखी वेगळी. त्या वेळच्या यंत्रांची स्मृती तुटपुंजी. प्रत्येक गुंडाचे वेगळे चित्र साठवणे परवडत नसे. मग एकच चित्र घ्यायचे, सदऱ्याचा रंग बदलायचा, वर नवे नाव लिहायचे, की झाला दुसरा गुंड. म्हणून तर तोच माणूस लाल सदऱ्यात मार खाऊन पडतो आणि पुढच्या चौकात हिरव्या सदऱ्यात पुन्हा हजर होतो.

याच कॅपकॉमचा १९९३ मधला एक खेळ आपल्याकडे फार चालला. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तो मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवरून घेतलेला. कथेचा नायक जॅक टेनरेक हा गाड्या दुरुस्त करणारा, आणि त्याचा एक अभियंता मित्र मुस्तफा कैरो. मूळ कथेत मुस्तफा दुय्यमच. खेळात मात्र निवडायला चार पात्रे होती: जॅक, हॅना, धिप्पाड मेस आणि मुस्तफा. पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांत चपळ होता आणि पळत येऊन त्याने मारलेली लाथ सहसा चुकत नसे.

भारतभरच्या व्हिडिओ पार्लरांत या खेळाचे लांबलचक इंग्रजी नाव कोणी उच्चारले नाही. खेळाचे नावच ‘मुस्तफा’ पडले. इथे संपादक नव्हता, वकील नव्हता. बारसे मुलांनी केले. नव्वदच्या दशकातली ती वर्षे कशी होती, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. मोठी माणसे नावावरून माणूस ओळखत होती. आणि मराठवाड्यातल्या बाजारपेठांत, पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोल्यांत, सगळ्या घरांतली पोरे ‘मी मुस्तफा, मी मुस्तफा’ म्हणून एकमेकांना ढकलत होती. यंत्रावर एका वेळी तिघे खेळू शकत, पण मुस्तफा एकालाच मिळे. कॉईन ज्याचे, त्याचा तो हक्क. जॅक टेनरेक राहिलेल्याच्या वाट्याला यायचा. आज चाळिशीत असलेल्या त्या मुलांना जॅकचे नाव विचारले, तर बहुतेक जण ‘तो दुसरा’ एवढेच सांगतात.